बदललेले पाणी आणि स्वच्छ केलेले पाणी

पाणीपुरवठा खात्यात हयात घालवलेल्या एका अभियंत्याच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते आणि आजचा विषय मात्र प्राणिसंग्रहालय. पत्रिका हाती आल्यावर काहींना हे जुळत नाही असे वाटले असेल. म्हणून सुरुवात अशा एका प्राणिसंग्रहालयापासून करू या, ज्याचा जन्मच पाणीपुरवठा करणाऱ्या मंडळाच्या डोक्यातून झाला.

सिंगापूर, १९६८. ऑंग स्वी लॉ हे तिथल्या सार्वजनिक सेवा मंडळाचे अध्यक्ष होते. म्हणजे देशाला पाणी, वीज आणि गॅस पुरवणाऱ्या सरकारी मंडळाचे प्रमुख. जलाशयांभोवतीच्या पाणलोटातली रान-जमीन मंडळाच्याच ताब्यात होती. तिचा लोकांना विरंगुळ्यासाठी उपयोग व्हावा म्हणून त्यांनी सेलेटार जलाशयाच्या काठची ८८ हेक्टर जागा प्राणिसंग्रहालयासाठी बाजूला काढली. २७ जून १९७३ रोजी त्याचे दरवाजे उघडले. आता विचार करा. हा देश शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून नळाने पाणी आणतो. त्यासाठीचा १९६२ चा करार २०६१ पर्यंत चालायचा आहे. थेंबाचाही हिशोब ठेवावा लागणारा देश. आणि त्या देशाने वाघ, अस्वले, माकडे, पाणघोडे कुठे नेऊन ठेवले? पिण्याच्या पाण्याच्या काठावर!

हे प्राणिसंग्रहालय आखण्यासाठी श्रीलंकेतून लिन डी आल्विस यांना बोलावले होते. ते कोलंबोजवळच्या देहिवला प्राणिसंग्रहालयाचे संचालक. त्यांची कल्पना खुल्या प्राणिसंग्रहालयाची : गज कमी, झाडे जास्त, आणि माणूस व जनावर यांच्यामध्ये शक्य तिथे पाण्याचा खंदक. कल्पना अगदी नवी नव्हती, जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्येच खंदकांचे प्राणिसंग्रहालय उघडले होते. पण त्यातून एक गोष्ट घडली, जिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष जात नाही. पाणी नुसते पिण्याचे आणि धुण्याचे राहिले नाही, ते कुंपण झाले. देखावाही झाले. पाण्याची गरज वाढली, आणि घाण होणारे पाणीही वाढले.

जानेवारी १९७४ मध्ये या कुंपणाची परीक्षा झाली. कोंगकाक नावाचा पाणघोडा निसटला आणि थेट जलाशयात उतरला. दीड महिन्याहून अधिक काळ तो तिथेच होता. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात! वर्तमानपत्रांना बातमी मिळाली, मुलांना गंमत वाटली. पण पाणीपुरवठ्याच्या माणसांना त्या दिवसांत शांत झोप लागली असेल, असे वाटत नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या जलाशयात एका पाणघोड्याने काय बिघडते? एकाने फार बिघडत नाही, हे खरे. पण पाणघोडा हा प्राणी आजच्या विषयाचा अर्धा भाग आहे, तेव्हा त्याच्यापाशी थोडे थांबू या.

पाणघोडा रात्री चरतो. एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातो. दिवसभर पाण्यात डुंबतो आणि विष्ठा बहुतेक पाण्यातच टाकतो, तीही शेपटी फिरवत, चौफेर उडवत. केनियातल्या मारा नदीत असे ४००० हून अधिक पाणघोडे आहेत. तिथे काम करणाऱ्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की उन्हाळी डोहांत साचलेली ही विष्ठा कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि वर पाऊस पडून ते डोह एकदम वाहिले की खालच्या अंगाला मासे मरतात. इथे कारखाना नाही, गटार नाही, शहर नाही. निसर्गातच हे घडते. पण नदीला लांबी असते, वेळ असतो, पुराचे पाणी असते. प्राणिसंग्रहालयातल्या हौदाला यातले काहीच नसते. तोच पाणघोडा, तेच गवत, तीच विष्ठा. आणि चार भिंतींतले पाणी.

मग इतकी वर्षे प्राणिसंग्रहालये काय करत होती? सोपे उत्तर आहे. हौद उपसायचा, घासायचा, पुन्हा भरायचा. दोन दिवसांनी पाणी गढूळ झाले की पुन्हा उपसायचा. जगभर हीच रीत होती आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. हौद स्वच्छ दिसतो, अधिकारी खूश, प्रेक्षक खूश. पण घाण कुठे गेली? ती नाहीशी झाली का? ती फाटकाबाहेर गेली. नळातून आलेले, क्लोरीन घालून पिण्यायोग्य केलेले हजारो लिटर पाणी घाण वाहून नेण्याच्या कामाला लावले आणि नाल्यात सोडले. पाणी बदलले. स्वच्छ कोणी केले? कोणीच नाही.

श्रोतेहो, बदललेले पाणी आणि स्वच्छ केलेले पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आज सांगायचे ते मुख्यतः एवढेच आहे. बाकीचे त्याचे दाखले.

अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या प्राणिसंग्रहालयाने १९८६ मध्ये पाणघोड्यांसाठी काचेची भिंत असलेला हौद बांधला. पाणघोडा पाण्याखाली तळावरून कसा चालतो, हे लोकांना पहिल्यांदाच काचेतून दिसले. हौदात सुमारे ३,६०,००० गॅलन पाणी, म्हणजे साडेतेरा लाख लिटर. एवढे पाणी दर दोन दिवसांनी ओतून कसे द्यायचे? शिवाय काचेपलीकडे हिरवट शेवाळी पाणी असेल तर तिकीट काढून आलेला माणूस बघणार काय? म्हणून गाळणी आली, पुनर्वापर आला. गंमत पाहा, पाण्याच्या बचतीचे हे पाऊल उचलायला पर्यावरणाच्या प्रेमाइतकाच प्रेक्षकांच्या नजरेचाही हात होता. त्यात वाईट काही नाही. चांगल्या गोष्टी पुष्कळदा अशाच बाजूच्या दाराने येतात.

पण नजर फसवतेही. स्वच्छ दिसणारे पाणी स्वच्छ असतेच असे नाही, आणि याची साक्ष हिरव्या अस्वलांनी दिली आहे. हो, हिरव्या. सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयातली ध्रुवीय अस्वले १९७०च्या दशकाच्या अखेरीस हिरवी दिसू लागली. रंग केसांवरचा नव्हता, केसांच्या आतला होता. ध्रुवीय अस्वलाचा राठ केस आतून पोकळ असतो; त्या पोकळीत शेवाळ वाढले होते. १९७९ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. पुढे २००४ मध्ये सिंगापुरात शीबा आणि तिचा मुलगा इनुका ही अस्वले तशीच हिरवी झाली आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यांचे केस पुन्हा पांढरे करावे लागले. आर्क्टिकचा प्राणी विषुववृत्ताजवळ आणला की पाण्यातले शेवाळ त्याच्या अंगात घर करते. प्रयोगशाळेचा अहवाल बाजूला ठेवा. त्या पाण्याचा अहवाल अस्वलाच्या अंगावर लिहिलेला होता. (उष्ण देशात ध्रुवीय अस्वल ठेवावे का, हा वेगळा प्रश्न. २०१८ मध्ये इनुका गेला, त्याच्या किती तरी आधीच सिंगापूरने ठरवले होते, की यापुढे ध्रुवीय अस्वल आणायचे नाही. निर्णय योग्यच.)

मग क्लोरीन वाढवा, शेवाळ मारा, असे कोणी म्हणेल. पोहण्याच्या तलावात आपण तेच करतो. पण सील, सागरसिंह यांना त्या पाण्यातून तासाभराने बाहेर येऊन घरी जाता येत नाही. त्यांचे डोळे चोवीस तास त्याच पाण्यात. जास्त क्लोरीनने डोळे चुरचुरतात, बुबुळे खराब होतात. तेव्हा प्राणिसंग्रहालयाला जंतू मारायचे आहेत आणि जनावराला इजाही करायची नाही. हे गणित महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रापेक्षा अवघड आहे.

ते कसे सोडवतात? यंत्रांची नावे घाबरवणारी आहेत, काम साधे आहे. हौदातले पाणी पंपाने सतत बाहेर काढायचे. आधी बारीक जाळीचे फिरते पिंप. त्यात गवताचे धागे, विष्ठेचे तुकडे, पिसे अडकतात. पाणघोड्याच्या हौदाला हे पिंप नसेल तर पुढची वाळूची गाळणी काही तासांत तुंबते. समुद्री पाण्यातल्या प्राण्यांसाठी एक उंच नळकांडे असते, त्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. माशांचे तेल, प्रथिने फेसाबरोबर वर येतात आणि फेस काढून टाकतात. मग वाळूची गाळणी. मग ओझोन, हा वायू जागेवरच विजेने तयार करतात, तो जंतू मारतो, पाण्याचा पिवळेपणा घालवतो आणि स्वतः पुन्हा प्राणवायू होतो. कुठे अतिनील किरणांचे दिवे. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जिवाणू.

जिवाणू मारायचे नाहीत का? काही मारायचे, काही पाळायचे! जनावराच्या मूत्रातून, विष्ठेतून अमोनिया येतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जिवाणू गाळणीतल्या खड्यांवर, प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर थर करून राहतात. त्यांची वस्ती बसायला काही आठवडे लागतात. आणि ती मरायला? वीज गेली, पाणी थांबले, प्राणवायू मिळेनासा झाला की काही तास पुरतात. म्हणून जिथे अशी व्यवस्था आहे तिथे जनरेटर ही चैन नसते, आणि रात्रपाळीचा माणूसही चैन नसतो. आपल्याकडे यंत्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात. रात्रपाळीच्या माणसाच्या पगाराची तरतूद करायला कोण येते?

आता पेंग्विनकडे वळू, कारण तिथे मुंबईचा थेट संबंध आहे.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरातल्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयाने २००९ मध्ये हम्बोल्ट पेंग्विनांसाठी नवी जागा बांधली. हा पेंग्विन बर्फातला नव्हे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. तिथे हौदाचे पाणी जमिनीच्या पोटातल्या स्थिर तापमानाचा उपयोग करून उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार ठेवतात. पाणी गाळून पुन्हा हौदात. आणि गाळणी धुताना जे घाण पाणी निघते, ते? तेही गटारात नाही; शेजारी पाणवनस्पतींचे दलदलीसारखे वाफे केले आहेत, त्यांतून ते पाणी झिरपत जाते आणि निवळते. या मांडणीने वर्षाला ३० लाख गॅलन, म्हणजे सुमारे १ कोटी १३ लाख लिटर पाणी आणि ७५,००० युनिट वीज वाचते, असा प्राणिसंग्रहालयाचा हिशोब आहे. एका पेंग्विनच्या हौदावर एवढे पाणी!

तोच हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे नाव, १८६२ पासूनची बाग. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाचे काम त्याच्या दोनच वर्षे आधी पुरे झाले होते. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ पेंग्विन आले. त्यांतला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जंतुसंसर्गाने दगावला. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी खुले झाले. आत १६ ते १८ अंश तापमान, बाहेर मुंबईचा मे महिना. २०२१ मध्ये देखभालीच्या सुमारे १५ कोटींच्या निविदेवरून केवढा गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. पेंग्विन हवेत की नकोत, यावर मुंबई वर्षानुवर्षे भांडली. भांडू दे, लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे. पण त्या सगळ्या भांडणात हौदातल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला. पाणी फेकून देणे म्हणजे तिथे नुसते पाणी फेकणे नव्हे. विजेने थंड केलेले पाणी फेकायचे आणि तलावातून शंभरेक किलोमीटर आणलेले कोमट पाणी पुन्हा विजेने थंड करायचे. पुनर्वापर नसता तर बिलाचे काय झाले असते?

उलट अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे उदाहरण घ्या. तिथल्या ओरेगॉन प्राणिसंग्रहालयासाठी नोव्हेंबर २००८ मध्ये मतदारांना थेट विचारले गेले : साडेबारा कोटी डॉलर्सचे कर्जरोखे काढू का? त्याची फेड करातूनच होणार होती. मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाच्या मथळ्यातच प्राण्यांचे आरोग्य आणि पाण्याचा पुनर्वापर यांचा उल्लेख होता. लोकांनी होकार दिला. आर्थिक मंदीच्या त्या ऐन दिवसांत दिला. आणि त्या पैशातून आधी हाती घेतलेल्या कामांत एक होते पेंग्विनांच्या हौदाची गाळणी. हत्तीचे नवे दालन नंतर. न दिसणारी गाळणी आधी.

सगळेच यंत्रांनी होत नाही. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालय हे १८७५ मध्ये सुरू झालेले, अमेरिकेतले दुसरे सर्वांत जुने. २००५च्या सुमारास तिथे वर्षाला २० कोटी गॅलनहून जास्त पाणी लागत असे. बचतीची सुरुवात त्यांनी ओझोनपासून केली नाही. गळतीपासून केली. शंभर वर्षांचे जुने नळ जमिनीखाली फुटलेले, पाणी मुरत होते, बिल येत होते, आणि कोणी विचारत नव्हते. मीटर बसवले, गळती शोधली, नळ बदलले. वापर निम्म्याहून खाली आला. त्यानंतर आफ्रिकी प्राण्यांचे नवे दालन जुन्या वाहनतळाच्या जागेवर बांधताना त्यांनी जमिनीखाली ४ लाख गॅलनची, म्हणजे १५ लाख लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी घातली. त्या शहरात पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतो. मोठा पाऊस आला की गटार नदीत उफाळते. त्यामुळे टाकीच्या कामात शहराच्या मलनिःसारण खात्यालाही रस होता. एक टाकी, दोन कामे. आणि सिंहाच्या पायाखाली ती आहे, हे कोणाला दिसतही नाही.

सिडनीचे तारोंगा प्राणिसंग्रहालय बंदराच्या उतारावर बसले आहे. तिथे धुतलेले सगळे पाणी उतारावरून समुद्रात जाणार, हे उघड होते. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःचे शुद्धीकरण केंद्र उभारले. ते पाणी पिंजरे धुवायला, झाडांना, खंदकांना, शौचालयांना वापरतात. मेलबर्नचे प्राणिसंग्रहालयही आपल्या राणीच्या बागेसारखेच १८६२ चे. ऑस्ट्रेलियात २००९ पर्यंत चाललेल्या लांबलचक दुष्काळाने त्यांना तोच रस्ता दाखवला. पिण्याचे पाणी पिण्यासाठी. धुण्याला, शिंपण्याला शुद्ध केलेले.

इथवर ऐकून कोणाला वाटेल, सगळा दोष प्राणिसंग्रहालयांचा. नाही. आपल्याकडे फाटकातून पाणी उलट्या बाजूनेही वाहते.

पुण्याचे कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय घ्या. पेशवे पार्कातली जनावरे हलवून १९९९ मध्ये ते सुरू झाले. १३० एकर जागा, त्यात तलाव. कात्रजचा तलाव म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळातली पाणीयोजना. तिथून नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी यायचे आणि वाटेवरचे उच्छ्वास जुन्या पुण्यात अजून दिसतात. अठराव्या शतकात ज्या तलावाचे पाणी पेशव्यांच्या वाड्यात आणि पेठांच्या हौदांत प्यायले जात होते, त्या परिसराच्या वरच्या अंगाला आता वस्त्या वाढल्या, आणि त्यांचे सांडपाणी ओढ्यांतून तलावात येऊ लागले. जलपर्णी माजते, वास येतो, बातम्या येतात. इथे हरणांनी आणि हत्तींनी पाणी बिघडवलेले नाही. माणसांनी बिघडवलेले पाणी जनावरांच्या दारात आले आहे. प्राणिसंग्रहालयाने आत कितीही गाळण्या बसवल्या तरी वरच्या ओढ्याचे काय करणार? ते काम महापालिकेचे, आणि वर राहणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांचे.

नागपुरात उलट संधी आहे. गोरेवाड्याचे नवे प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, आणि तेही सिंगापूरसारखेच तलावाच्या काठी. नागपूरच्या पाण्याची कहाणी ज्या गोरेवाड्याशी जोडलेली आहे, त्या तलावाच्या काठी. आणि सांडपाण्याचा पुनर्वापर नागपूरला नवा नाही. २०१५ पासून शहरातले १३ कोटी लिटर सांडपाणी रोज शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाऊ शकेल, अशी व्यवस्था झाली. सांडपाणी वनस्पतींच्या वाफ्यांतून शुद्ध करण्याची ‘फायटोरिड’ पद्धत याच शहरातल्या ‘नीरी’ या पर्यावरण-संशोधन संस्थेची. कर्दळ, पाणकणीस, देवनळ : आपल्या ओढ्याकाठी वाढणारी झाडेच तिथे कामाला लावतात. वीज नाममात्र. जागा मात्र लागते, आणि प्राणिसंग्रहालयाकडे दुसरे काही नसले तरी जागा असते. सिअ‍ॅटलला दलदलीचे वाफे जमतात, तर नागपूरला का जमू नयेत?

या मार्गात धोके आहेत, तेही सांगितले पाहिजेत. पुन्हा पुन्हा फिरवलेल्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट साचतात. थोडे पाणी बदलावेच लागते. एका पिंजऱ्याचे पाणी दुसऱ्याला देताना रोगही दिला जाऊ शकतो. पाणपक्ष्यांच्या तलावाचे पाणी इतर पक्ष्यांना देणे बर्ड फ्लूच्या दिवसांत महागात पडेल. शुद्ध केलेले पाणी जनावरांना प्यायला द्यायचे की नुसते धुवायला, हे पशुवैद्यानेच ठरवावे, ठेकेदाराने नव्हे. आणि यंत्र बंद पडले, सुटा भाग मिळेना, निविदा अडकली, की हौद पुन्हा उपसायची वेळ येतेच. म्हणून लहान प्राणिसंग्रहालयाने एकदम ओझोनचे यंत्र घेऊ नये. आधी मीटर. मग गळती. मग पावसाचे पाणी, मग वनस्पतींचे वाफे. यंत्रे त्यानंतर, आणि ती चालवणारी माणसे कायम नेमून.

भारतातल्या प्राणिसंग्रहालयांना १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. त्यांना दरवर्षी अहवालही द्यावा लागतो : किती प्राणी, किती जन्मले, किती मेले. त्या अहवालात पाण्याचे एक पान असावे, एवढी मागणी आपण करू शकतो. किती लिटर पाणी आत आले, त्यातले पिण्याचे किती, किती पुन्हा वापरले, आणि फाटकाबाहेर जे गेले ते कोणत्या नाल्यात गेले. राणीची बाग आणि कात्रज महापालिकांचे आहेत, म्हणजे तुमचे आहेत. माहितीचा अधिकार तुमच्या हातात आहे. या सभागृहातल्या कोणी एकाने जरी येत्या महिन्यात हे चार प्रश्न लिहून अर्ज केला, आणि आलेले उत्तर पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर वाचून दाखवले, तर संयोजकांनी त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा, ही त्यांना विनंती.